हे

अक्षरामागे चाळीस रुपये, काळ्या दगडावर.
जरीपटक्याच्या रस्त्याला माझा टिनाचा शेड,
कूलर आहे, वाळा नाही, नुसतं पाणी फेकून राहिला.
मी क्रूस कोरतो, ओम कोरतो, अशोकचक्र कोरतो.
वाचत नाही. वाचलं की हात हलतो.

मिल्काबाई झिराडकर मे महिन्यात आल्या,
अजनीच्या रेल्वे क्वार्टरातून, ऑटो उभा ठेवून.
नवरा मालगाडीचा गार्ड. मूळचे अलिबागकडचे.
पिशवीत प्रार्थनेचं पुस्तक,
पानात खूण म्हणून त्यांचा जुना पास.
"वर मराठीत नाव. खाली ही ओळ.
उजवीकडून सुरू करा, नाहीतर उलटं व्हायचं."

मी पेन्सिलीनं उतरवत गेलो, मुंगी चालते तसा.
चौथ्या शब्दापाशी त्यांनी माझं मनगट धरलं.
"ही चार अक्षरं नको."
"का बरं?"
"ते नाव आहे."
"कोणाचं?"
त्यांनी वर पाहिलं.
वर टिनाला भोक होतं, त्यातून ऊन.

"दगड आज उभा आहे, उद्या आडवा होईल.
बकऱ्या बसतील. कोणी धुणं आपटेल.
नावावर पाय पडायला नको."
"मग म्हणता काय त्याला?"
"अदोनाय."
"म्हणजे?"
"धनी," त्या म्हणाल्या,
आणि पदर सारखा केला.

पूर्वी म्हणे वर्षातून एकदा
मोठ्या देवळात एक पुजारी ते नाव घ्यायचा.
देऊळ पडलं. घेणारा गेला.
अक्षरं राहिली, काना-मात्रा हरवल्या.
आता कोणाला खात्रीनं येतच नाही.

मी म्हटलं, माझ्याकडे दुपारी दोघं येतात बॅगा घेऊन,
पत्रकं देतात, ते तर धडाधड घेतात ते नाव.
"घेऊ देत," मिल्काबाई म्हणाल्या.
"त्यांना वाटतं हाक मारली की जवळ येतो. आम्हाला..."
पाणी प्यायल्या.
वाक्य तसंच राहिलं, पेल्याच्या तळाशी.

मग बोट फिरवत सांगितलं: "योद. हे. वाव. हे.
यातलं नुसतं एक 'हे' कोरा. बाजूला बारीक खूण.
वाचणाऱ्याला कळतं."

हे.
छिन्नी थांबली माझी.

माझ्या बापाचं नाव सोमाजी.
आईनं जन्मभर सोमवार उच्चारला नाही,
रविवारच्या मागचा म्हणायची.
सोमवारी क्वार्टरला बहीण दिलेली,
तर ती राहायची "इतवारीच्या पुढे, थोडं."
रेशनच्या खिडकीवर बाबूनं विचारलं की
मला पुढे ढकलायची: सांग रे, ह्यांचं.
घरात, दारात, आजारपणात, भांडणातसुद्धा, हे.

मेयोच्या वॉर्डात बाप शुद्ध हरवून पडला.
नर्स म्हणाली, नाव घेऊन हाक मारा, नावानं.
आई वाकली. कानाशी गेली.
पहिल्यांदा म्हणाली ते,
इतकं हळू, की मला ऐकू आलं याचीच लाज वाटली.
तो हलला नाही.
त्या आवाजात ते नाव त्यानं ऐकलंच नव्हतं कधी.
मग ती म्हणाली, "अहो."
अंगठ्याजवळचं बोट हललं.
चादरीवर. बस, तेवढंच.

मिल्काबाईंना मी हे सांगितलं नाही.
एक 'हे' कोरलं, बाजूला खूण,
नखाएवढी, पण तीन वेळा घासून पाहिली.
हिशोब केला: मराठीची इतकी, तिकडची इतकी.
त्यांनी बोटानं मोजलं आणि
वर तीन अक्षरांचे पैसे जास्तीचे ठेवले.
मी परत देऊ लागलो, तर म्हणाल्या,
"न कोरण्याचेही कष्ट असतात."

ऑटोत बसता बसता वळून, अगदी सहज:
"सोमवारी न्यायला येते."

मी मान हलवली.
मागे भिंतीशी न विकलेले दगड उभे होते,
कोरे.
त्यांच्यातला एक वळला असं वाटलं.